मराठवाड्यातली धुणी: राखेपासून पावडरीपर्यंत

नांदेडला गोदावरी आणि लातूर भागात मांजरा व तेरणा या नद्या, शिवाय गावोगावच्या विहिरी, यांच्या काठी पूर्वी धुणी चालत. बारा बलुतेदारांतला परीट गावाचे कपडे धुई आणि सुगीत धान्याच्या रूपाने बलुते घेई. मळके कपडे तो खारी माती किंवा राखेच्या पाण्यात भिजवी, भट्टीवर वाफवी आणि मग दगडावर आपटी. या पद्धतीमागचे ज्ञान पक्के होते: राखेतला क्षार तेलकट मळ सोडवतो, उष्णता ते काम जलद करते. रेशमी लुगड्याला मात्र क्षार मारक, म्हणून त्यासाठी रिठ्याचा सौम्य फेस.

पुढे साबण आला, पण इथल्या बेसाल्ट खडकातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबण फाटतो आणि कपड्यावर करडा थर बसतो. अशा पाण्यातही फेसाळणारी स्वस्त डिटर्जंट पावडर म्हणूनच घरोघरी रुजली; गुजरातेत 1969 साली सुरू झालेली निरमा त्यांतली एक.

कधी तर धुण्याला पाणीच पुरत नाही: एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. अशा टंचाईत कपडे विसळलेले पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरणे ही घराघराची गरज असते.