नेल्सन मंडेला नियम

कैद्यांना तुरुंगात कसे वागवावे यासाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवून दिलेले किमान नियम. आमसभेने १७ डिसेंबर २०१५ रोजी ते सध्याच्या रूपात संमत केले. एकूण नियम १२२. २७ वर्षे कैदेत काढलेल्या नेल्सन मंडेलांचे नाव त्यांना दिलेले आहे. हे नियम म्हणजे करार नव्हे. ते मोडणाऱ्या देशाला त्यांच्या आधारे कोणतीही शिक्षा करता येत नाही. तरीही तुरुंगसुधारणेसाठी देशांनी मिळून जे काही केले, त्यातले सर्वांत टिकाऊ काम हेच होय. कोणीतरी ते हातात घेऊन न्यायालयात किंवा तुरुंगाच्या दारात उभे राहते, तेव्हा त्यांचे वजन कळते.

या कामाची सुरुवात जुनी आहे. १८७२ साली लंडनला आंतरराष्ट्रीय तुरुंग परिषद भरली; अमेरिकी सुधारक इनॉक वाइन्स यांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. त्या परिषदेतून उभ्या राहिलेल्या आयोगाने पुढे नियमांचा मसुदा केला व १९३४ मध्ये राष्ट्रसंघाने तो उचलून धरला. महायुद्धानंतर आयोगाचे काम संयुक्त राष्ट्रांकडे आले. ३० ऑगस्ट १९५५ रोजी जिनिव्हाच्या परिषदेत ‘किमान प्रमाण नियम’ स्वीकारले गेले आणि १९५७ मध्ये आर्थिक व सामाजिक परिषदेने त्यांना मंजुरी दिली. आरोप न ठेवताच डांबलेल्यांनाही हे संरक्षण मिळावे म्हणून १९७७ मध्ये ९५ वा नियम जोडण्यात आला.

जिनिव्हात खुल्या तुरुंगांविषयीही शिफारशी झाल्या. हा विचार मराठी मुलखाला नवा नव्हता. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची बिनभिंतीची वसाहत १९३०च्या दशकाच्या अखेरीसच उभी राहिली होती. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने ती उभारण्यात पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा पुढाकार होता. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे हाच प्रयोग आहे.

स्वतंत्र भारताने संयुक्त राष्ट्रांकडे तज्ज्ञ मागितला, तेव्हा १९५१-५२ मध्ये अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ वॉल्टर रेकलेस येथे आले. तुरुंग सुधारणेची केंद्रे व्हावीत, अल्पवयीन मुलांना प्रौढांच्या तुरुंगात व न्यायालयांत ओढू नये, कालबाह्य नियमपुस्तिका बदलाव्यात, असे त्यांच्या अहवालाचे सांगणे होते. पुढे १९५७ मध्ये अखिल भारतीय समिती नेमली गेली आणि तिने आदर्श तुरुंग नियमपुस्तिका तयार केली. मात्र १८९४चा इंग्रजी अमदानीतला कायदा तसाच राहिला.

जुन्या नियमांची फेरतपासणी करण्याचे आमसभेने २०१० मध्ये ठरवले. तज्ज्ञांच्या गटाच्या बैठका व्हिएन्ना आणि ब्वेनोस आयरिसला झाल्या. शेवटची मार्च २०१५ मध्ये केपटाउनला झाली. मंडेलांचे नाव देणे केवळ गौरवापुरते नाही. मंडेला दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या रॉबेन बेटावर कैदेत होते, तिथे कैद्यांचा आहारही वर्णावरून ठरत असे. भारतीय व मिश्रवर्णीय कैद्यांना पाव मिळे, आफ्रिकी कैद्यांना तो मिळत नसे. सुरुवातीच्या काळात सहा महिन्यांत एक भेट आणि एक पत्र, एवढाच मंडेलांचा बाहेरच्या जगाशी संबंध होता. चुन्याच्या खाणीतल्या लखलखाटाने त्यांचे डोळे कायमचे अधू झाले. भेदभावाला मनाई करणारा दुसरा नियम, आहारात कपात ही शिक्षा असू नये असे सांगणारा त्रेचाळिसावा आणि पत्रे व भेटींविषयीचा अठ्ठावन्नावा नियम वाचताना हे आठवावे.

सर्वांत मोठी भर पडली ती एकांत कोठडीच्या नियमांत. जुन्या नियमांत तिची व्याख्याच नव्हती. ४४ वा नियम ती स्पष्ट करतो: दिवसातले २२ तास किंवा अधिक काळ माणसाशी अर्थपूर्ण संपर्क नसणे म्हणजे एकांतवास, तो सलग १५ दिवसांपेक्षा जास्त चालला तर दीर्घ एकांतवास. त्याला ४३ व्या नियमाने पूर्ण बंदी आहे. अंधारी कोठडी किंवा अखंड दिवा जळत असलेली कोठडीही निषिद्ध आहे. आकडा लिहिला गेल्यामुळे तुरुंग प्रशासनाला ‘सुरक्षेसाठी वेगळे ठेवले आहे’ एवढे सांगून सुटता येत नाही. तुरुंगातल्या डॉक्टरने शिक्षेत कोणताही भाग घेऊ नये, बाहेरच्या समाजाला मिळतात त्याच दर्जाचे उपचार कैद्याला मिळावेत, प्रसूतीच्या वेळी स्त्रीला बेड्या घालू नयेत, कोठडीतल्या मृत्यूची खबर तुरुंगाबाहेरच्या स्वतंत्र अधिकाऱ्याला लगेच द्यावी, हेही त्यात आहे. स्त्री-कैद्यांसाठी २०१० चे बँकॉक नियम आणि तुरुंगाऐवजी द्यायच्या शिक्षांसाठी १९९० चे टोकियो नियम यांच्या जोडीने हे वाचायचे असतात.

भारतात या नियमांना न्यायालयाच्या दारात आणले ते एका कैद्याच्या पत्राने. तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा या फाशीच्या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याचा वॉर्डरने केलेला छळ सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लिहून कळवला. नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी तो छळ झाला होता. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. न्या. कृष्ण अय्यर यांच्या डिसेंबर १९७९च्या निकालात राज्याने संयुक्त राष्ट्रांचे किमान नियम पाळण्याकडे पावले टाकावीत, असा स्पष्ट निर्देश आहे. कैद्याला त्याचे हक्क त्याच्या भाषेत कळावेत म्हणून पुस्तिका छापायलाही न्यायालयाने सांगितले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने अनेक राज्यांच्या नियमपुस्तिकांतल्या जातीवरून काम वाटण्याच्या तरतुदी रद्द केल्या. स्वयंपाक एका जातीने करायचा व झाडलोट दुसऱ्या जातीने, हे तोवर कागदावर लिहिलेले होते.

गुन्हेगार प्रत्यार्पणाच्या खटल्यांतही तुरुंगाची स्थिती आता तपासली जाते. उद्योगपती विजय मल्ल्या यांच्या प्रकरणात २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२चे चित्रीकरण मागवले आणि उजेड, हवा, जागा पाहूनच पुढचा विचार केला. तिथे कसोटी युरोपीय मानवी हक्क कराराची होती. पण एका बराकीची पाहणी झाली, तीच दृष्टी शेजारच्या बराकींत कोंबलेल्या कच्च्या कैद्यांकडे वळली पाहिजे. २०२२ अखेर देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे खटला न संपलेले. क्षमतेच्या १३१ टक्के माणसे आत होती. एकाच कोठडीत दाटीने झोपणाऱ्या माणसांना रात्री स्वतंत्र कोठडी देण्याचा १२ वा नियम फार दूरचा वाटतो.

८३ वा नियम तुरुंग प्रशासनाच्या बाहेरच्या, स्वतंत्र तपासणीची अट घालतो. बाकीच्या सगळ्या नियमांचा भार या एका नियमावर आहे. आतल्याच अधिकाऱ्याने आतल्याच माणसांविषयी दिलेल्या अहवालातून छळ क्वचितच बाहेर येतो. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली आहे, पण त्याला अजून अनुसमर्थन दिलेले नाही. तुरुंगांना अचानक भेट देण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय पथकाला देणाऱ्या २००२च्या जोडकरारात तर भारत नाहीच.