राज्य कोणाचें आणि जाब कोणाला?

राज्यपद्धतीचे प्रकार मोजण्याचा उद्योग फार जुना आहे. ॲरिस्टॉटल या ग्रीक पंडितानें सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं एकाचें राज्य, थोड्यांचें राज्य आणि बहुतांचें राज्य असे तीन भेद सांगितले. आणि राज्यकर्ते स्वतःचें हित पाहतात कीं सर्वांचें, या कसोटीवर प्रत्येकाचे बरा व वाईट असे दोन पोटभेद केले. हे तिन्ही प्रकार पाहण्यास ग्रीस देशीं जावयास नको. एकट्या रत्नागिरीच्या इतिहासांत त्यांची ओळख होते.

रत्नागिरी शहरांत उंचवट्यावर थिबा राजाचा वाडा उभा आहे. ब्रह्मदेशांत या राजाची आज्ञा म्हणजेच कायदा. मंत्र्यांची सभा होती, पण प्रजेनें निवडलेला त्यांत कोणी नव्हता. १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं मंडाले घेतलें, राजाला बोटींत बसवून नेलें आणि १८८६ पासून तो रत्नागिरींत बंदिवान झाला. ज्याला जाब विचारणारा कोणी नव्हता, त्याला आतां खर्चासाठीं सरकारकडे अर्ज करावे लागले. १९१६ सालीं तो येथेंच वारला. एका माणसावर उभारलेलें राज्य त्या एका माणसाबरोबर कसें कोसळतें, याची साक्ष हा वाडा देतो.

ज्या सरकारनें त्याला कैद केलें, तें थोड्यांचें राज्य होतें. १८१८ त पेशवाई बुडाली व हा मुलूख इंग्रजांकडे गेला. कलेक्टरचा हुकूम लेखी असे, नियम छापलेले असत, वर दाद मागण्याची सोय असे. हे त्या पद्धतीचे गुण नाकारतां येत नाहींत. परंतु कलेक्टर जबाबदार होता तो मुंबईच्या सरकारला, रयतेला नव्हे.

शिवाय या थोड्यांच्या राज्याखालीं खेड्यांत आणखी एक राज्य होतें, तें खोताचें. खोत गांवचा वसूल गोळा करून ठरलेली रक्कम सरकारांत भरी आणि कुळाकडून धान्याचा वांटा घेई. कित्येक ठिकाणीं वेठहि घेई. १८८० त सरकारनें खोतीचा कायदा करून दोघांचे हक्क नोंदविण्याची व्यवस्था केली. पण तो कायदा करतांना कुळाचें मत घेणारी सभाच अस्तित्वांत नव्हती. भात पिकवणारा कायद्यांत होता, कायदेमंडळांत नव्हता.

१९३७ सालीं प्रांतिक निवडणुका झाल्या. मतदानास मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या, म्हणून तें राज्य पुरतें बहुतांचें म्हणतां येणार नाहीं. तरी एक दार उघडलें. मंडणगड तालुक्यांतील आंबडवे हें ज्यांचें मूळ गांव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याच वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं मुंबईच्या विधानसभेंत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. १९३८ च्या जानेवारींत हजारों शेतकरी मोर्चानें कौन्सिल हॉलवर गेले. विधेयक मंजूर झालें नाहीं. बहुतांचें राज्य सावकाश चालतें, असा त्याच्यावर आक्षेप आहे आणि तो खोटा नाहीं. परंतु एकदां सभेपुढें आलेला प्रश्न पुन्हां दडपतां आला नाहीं. अखेर १९४९ चा मुंबई खोती निर्मूलन कायदा १९५० त अमलांत आला, आणि १९५१-५२ च्या निवडणुकींत कूळ व खोत यांच्या मताची किंमत सारखीच झाली.

राजा दयाळू असूं शकतो, अंमलदार न्यायी असूं शकतो, आणि बहुमतहि अन्याय करूं शकतें. म्हणून नुसत्या नांवावरून राज्याची परीक्षा होत नाहीं. त्या राज्यांतील सर्वांत दुबळ्या माणसाला हात न जोडतां जाब विचारतां येतो कीं नाहीं, हें पाहावें. रत्नागिरीच्या कुळाला ती सोय मिळण्यास पेशवाईनंतर सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं. मिळालेली सोय वापरणें हें त्याच्या नातवंडांकडे आहे.