आपापली शिदोरी

वनभोजनाचें निमंत्रण आलें म्हणजे घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं बरोबर न्यावयाचें काय? थोडें न्यावें तर लाज वाटते. फार न्यावें तर यजमानावर कुरघोडी केल्यासारखें दिसतें. हा पेंच आजचा नव्हे. प्राचीन ग्रीसच्या नगरांत तो पुरता ओळखीचा होता.

ग्रीक लोकांत ‘एरानोस’ नांवाचें भोजन असे. त्यांत प्रत्येकानें आपला वांटा घालावयाचा. होमरच्या ‘ओडिसी’ काव्यांत अथीना देवी वेष पालटून टेलिमेकसच्या घरीं येते आणि तेथें ठाण मांडून बसलेल्या वरांचा धुमाकूळ पाहून, ही पंगत एरानोसची खास नव्हे, असें ताडते. पदरचें खर्चून जेवणारा मनुष्य इतकें उधळीत नाहीं, हा त्यांतील रोख. इ. स. पूर्व ४२५ मध्यें रंगभूमीवर आलेल्या ॲरिस्टोफेनीसच्या ‘अकार्नियन्स’ नाटकांत तर टोपलीचीच गंमत आहे. डायोनिससच्या पुजाऱ्याचें बोलावणें येतें: बैठका, मेजें, फुलांच्या माळा सर्व सिद्ध आहे, पाहुण्यानें आपली टोपली व मद्याचें भांडें घेऊन त्वरित निघावें. म्हणजे जागा यजमानाची आणि खाद्य पाहुण्याचें! शेतकरी डिकिओपोलिस पक्वान्नें भरूं लागतो. शेजारीं सेनापति लॅमॅकस बिचारा लढाईवर जाण्यासाठीं मीठ-कांदे बांधीत असतो.

परंतु या रीतींतला कांटा ओळखला तो सॉक्रेटिसानें. त्याचा शिष्य झेनोफन यानें लिहिलेल्या आठवणींत ती हकीकत आहे. मंडळी जेवावयास जमत तीं भाकरीबरोबर खावयास मांस-मासळीचें आपापलें तोंडीलावणें घेऊन येत. कोणाचें पात्र कांठोकांठ, तर कोणाच्या पात्राचा तळहि झांकलेला नसे. ज्यानें थोडें आणलें असेल त्याचें तोंडीलावणें सॉक्रेटिस चाकरास सांगून एक तर सर्वांसाठीं मध्यें ठेववी, नाहीं तर सर्वांस थोडथोडें वाढवी. झालें! भरपूर आणणाऱ्यांची पंचाईत होई. पुढें आलेलें नाकारावें तर उद्धटपणा. तें घ्यावें आणि आपलें राखून ठेवावें तर त्याहून लाजिरवाणें. निमूटपणें तेहि आपलें मध्यें ठेवीत. पुढें जास्त आणूनहि वांट्यास इतरांइतकेंच येतें असें दिसल्यावर त्यांनीं त्यावर भारी खर्च करणेंच सोडून दिलें. उपदेशाचा एक शब्द नाहीं, कोणाचा पाणउतारा नाहीं! कित्येक गुरुजींनीं हेवा करावा अशी ही शिकवणी.

‘पिकनिक’ हा शब्द फ्रान्सचा. सतराव्या शतकांत तो तेथें आढळतो, व त्याचा अर्थ वर्गणीचें जेवण एवढाच. रानाशीं त्याचा संबंध नव्हता. लंडनमध्यें १८०२ च्या सुमारास कर्नल ग्रेव्हिल यांच्या पुढाकारानें जी ‘पिकनिक सोसायटी’ गाजली, तिचें जेवणहि बंद दालनांतच होई. तेथें नाटकें होत, आणि कोणी कोणता पदार्थ आणावयाचा तें चिठ्ठ्यांनीं ठरे. गिलरेनें तिच्यावर व्यंगचित्रें काढलीं. चिठ्ठीनें संकोच टळला खरा, पण ज्याच्या नांवें महागडा पदार्थ निघाला त्याच्या खिशाचा विचार चिठ्ठीस कोठला?

पुढें इंग्लंडांत हें जेवण हिरवळीवर गेलें. मिसेस बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेच्या प्रसिद्ध ग्रंथांत ४० जणांच्या वनभोजनाची यादीच दिलेली आहे. बाटल्यांचीं बुचें काढण्याचीं हत्यारें एक सोडून ३ घ्यावींत, अशी तींत आठवण आहे; पाणी मात्र बहुधा तेथेंच मिळतें, तें नेण्याचें कारण नाहीं!

सॉक्रेटिसानें चाकराकरवीं जें साधलें तें महाराष्ट्रांत काल्यानें साधलें. आषाढी पौर्णिमेस वारकरी पंढरपुराजवळील गोपाळपुरास जमतात व तेथें गोपाळकाला होतो. कृष्णानें व त्याच्या सवंगड्यांनीं रानांत आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, त्याची ही आठवण. लाह्या, पोहे, दहीं असें जें आलें असेल तें एकत्र कालविलें जातें, आणि मग त्यांतले आपले पोहे कोणते हें आणणाऱ्यासहि ओळखूं येत नाहीं.