परवलीचे वाक्य

आमच्या बेळगावच्या जुन्या घरात आजी कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवी. चोराला ती सापडू नये, पण आपल्याला मात्र चटकन हाती यावी, एवढाच तिचा हिशेब. पुढे ई-मेलच्या गुप्ततेचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तिथेही हाच हिशेब दिसला.

१९९१ साली अमेरिकेतील फिल झिमरमन यांनी ‘पीजीपी’ ही प्रणाली लोकांना मोफत दिली. तीत प्रत्येकाच्या दोन किल्ल्या. एक जाहीर; ती घेऊन कोणीही आपल्याला पत्र कुलूपबंद करून धाडावे. दुसरी खाजगी; ते कुलूप फक्त तिनेच उघडते. ही खाजगी किल्ली आपल्याच संगणकात असते आणि तिच्यावर पहारा परवलीच्या वाक्याचा. वाक्य अशासाठी, की कोशातला एखादा शब्द यंत्र क्षणात हुडकते. अशी कूटविद्या परदेशी जाणे म्हणजे तेव्हा तिथे शस्त्रांची निर्यात! १९९३ साली झिमरमन यांची चौकशी सुरू झाली; १९९६ साली खटला न भरताच ती थांबली. सरकारला धास्ती वाटावी असे हे कुलूप, पण सारी भिस्त माणसाच्या स्मरणावर.

तिथेच मी फसलो. बडोद्याला असलेल्या दादाशी माझा असा पत्रव्यवहार होता. आधी मी एका अभंगाचा चरण घेतला होता. “हा तर कोणालाही सुचेल,” दादा म्हणाला. मग अक्षरांची नि आकड्यांची खिचडी केली. ती कागदावर उतरवायची नाही, हा माझा हट्ट. एका आजारपणानंतर ती काही केल्या आठवेना. दादा आता नाही. त्याची पत्रे माझ्याजवळ आहेत, पण वाचता येत नाहीत.

खरे तर वाट १९९५ सालीच निघाली होती. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी ७,७७६ शब्दांची यादी केली. फासा पाच वेळा टाकायचा आणि पडलेल्या आकड्यांपुढचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द घेतले, की शक्यतांची संख्या २४ अंकी होते. शब्द साधे, म्हणून ध्यानात राहतात; निवड फाशाची, म्हणून आपल्या आवडीनिवडीवरून ते कोणाला ताडता येत नाहीत.

मीही नातवाच्या सापशिडीतला फासा घेऊन बसलो. सहा शब्द पाठ केले आणि या खेपेस कागदावरही लिहून कपाटात ठेवले. दूर कुठे संगणकाआड बसलेल्या चोराचा हात तिथवर पोचत नाही.

कपाटाची किल्ली कुठे असते, ते सूनबाईला ठाऊक आहे.