लोकनायक अणे : यवतमाळचे वकील, कोलंबोचे वकील

मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘वकील’ हा शब्द आला म्हणजे कोर्टातला काळा डगला डोळ्यांसमोर आणून चालत नाही. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला, धन्याची बाजू सांभाळणारा आणि तिकडची खबर इकडे लिहून धाडणारा मनुष्य, तो वकील. निजामाकडे पेशव्यांचे गोविंदराव काळे होते ते या अर्थाने. पुढे इंग्रजी अंमल आला, दरबार गेले आणि वकील कोर्टात जाऊन बसला. या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच जन्मात जगलेला पुरुष आपल्या चंद्रपुराहून वर्धा नदी ओलांडली की लागणाऱ्या वणीस २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मला. ते माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे.

त्या काळी ही नदी नुसती नदी नव्हती. अलीकडचा चांदा १८५४ मध्ये भोसल्यांच्या राज्याबरोबर खालसा झालेला. पलीकडचे वऱ्हाड नावाने निजामाचे, कारभाराने इंग्रजांचे. धनी एक, कारभारी दुसरा, ही स्थिती अण्यांनी लहानपणापासून पाहिली. (२००८ च्या फेररचनेपासून वणी लोकसभेपुरती चंद्रपूर मतदारसंघातच आहे.) नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, अमरावतीस काही वर्षे शिक्षकी आणि १९०८ पासून यवतमाळला वकिली, असा त्यांचा पूर्वक्रम. टिळकांवरील त्यांची निष्ठा जन्मभर टिकली.

आमच्या या जंगलमुलखाला अणे जवळचे वाटतात ते १९३० मुळे. विदर्भाला समुद्र नाही, मग मीठ कोठले उचलणार? पण राखीव जंगल मात्र गावाच्या शिवेला भिडलेले. परवान्यावाचून गवताची पेंढी कापणे हा गुन्हा, आणि गवत म्हणजे गुरांचे पोट. हा कायदा मोडला तर तो का मोडला हे गोंड शेतकऱ्यासही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापले आणि ते तुरुंगात गेले. मूळचे ते प्रतियोगी सहकाराच्या पंथातले, कायदेमंडळात बसून भांडणारे. अशा मनुष्याने हाती विळा घ्यावा, याचे मोल आम्ही अधिक मानतो.

आणि तेच अणे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले! परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. सरकार त्यांना सोडीना, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. येथवर ठीक. पण त्याच वर्षी त्याच सरकारचे प्रतिनिधी म्हणून अणे सिलोनला गेले. ही विसंगती नाही असे म्हणणे आम्हांस जमत नाही. मात्र ते खाते सांभाळताना ज्यांचे कागद हाताखालून गेले, त्या मळेकऱ्यांना वाऱ्यावर सोडवले नसेल, असा आमचा तर्क आहे.

हे मळेकरी म्हणजे चहा-रबराच्या मळ्यांवर कंगाणी नावाच्या मुकादमांनी नेलेले तामिळ मजूर. सिलोन सरकारने आपल्या खात्यांतील हिंदी रोजंदारांना काढण्याचे ठरविताच १९३९ मध्ये हिंदुस्थानने नव्या मजुरांना तिकडे जाण्याची बंदी केली होती. आधीच गेलेल्या लाखोंचा प्रश्न उरला : बेट त्यांचे, की ते केवळ कामापुरते आलेले? १९३१ मध्ये सिलोनला प्रौढ मताधिकार मिळाला, पण या लोकांसाठी त्याला वास्तव्याच्या अटी जोडलेल्या. १९४४ मध्ये सोलबरी आयोग नेमला गेला. त्याने नवी राज्यघटना सुचविली, पण हिंदी मजुरांच्या हक्कांचा निर्णय बेटाच्या सरकारवर सोपविला.

येथे अण्यांची अडचण उघडी पडते. गोविंदरावांच्या पाठीशी निदान पुण्याची फौज होती. अण्यांचे अशील मळ्यांत, वकीलपत्र दिल्लीचे, आणि दिल्लीचा व कोलंबोचा धनी लंडनला एकच. १९४७ पर्यंत ते तेथे राहिले. देश स्वतंत्र झाल्यावर व्ही. व्ही. गिरी पहिले हायकमिशनर म्हणून गेले. पण १९४८ च्या सिलोनी नागरिकत्वाच्या कायद्याने मळेकऱ्यांपैकी बहुतेकांना परके ठरविले. तेव्हा अण्यांच्या अपयशाला केवळ पारतंत्र्य कारण, असे म्हणून सुटता येत नाही. स्वतंत्र राष्ट्राच्या वकिलालाही ते साधले नाही.

अणे १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते, आणि १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे अणे सभासद असतानाच ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला. पावणेदहा लाख माणसांपैकी सव्वापाच लाख भारताने घ्यावी, तीन लाख सिलोनने ठेवावी, उरलेल्या दीड लाखांचे मागाहून पाहावे, असे ठरले. अणे २६ जानेवारी १९६८ रोजी वारले, तेव्हा त्या दीड लाखांचे प्रकरण तसेच पडून होते. १९७४ मध्ये दोन्ही सरकारांनी ते निम्मे-निम्मे वाटून घेतले.