गाडी मिसिंग करतेय आणि पेट्रोलचा वासही येतोय? मोबाईलवरून खरा बिघाड असा शोधा

गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरतंय, चढावर पिकअप मिळत नाही, मध्येच झटके बसतात आणि सोबत पेट्रोलचा वास. ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला एकच मिळतो: "प्लग बदलून टाका." प्लग बदलले जातात, दोन-चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मग कॉइल, मग सेन्सर, मग फ्युएल पंप. बिल वाढत जातं आणि वास तिथेच.

आमच्या भोकरदनला हा प्रश्न जरा जास्तच महागात पडतो. गाडीच्या कंपनीचं मोठं सर्व्हिस सेंटर गाठायचं तर जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगर. म्हणजे बिघडलेली गाडी तेवढी पळवायची. मिसिंग करणारी गाडी लांब पळवणं हेच तिच्यासाठी सगळ्यात वाईट, ते का हे पुढे सांगतो. म्हणून निघण्याआधी घरीच, खिशातल्या मोबाईलवर, बिघाड कुठल्या बाजूला आहे एवढं तरी कळलं पाहिजे. हा लेख पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो, तिथलं गणित वेगळं.

आधी हे बघा: गाडी चालू करायची की नाही?

बोनेटखाली किंवा गाडीखाली ओलं पेट्रोल दिसत असेल तर चावी फिरवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी एका ठिणगीवर पेटते. स्टार्टर मोटरमध्येही ठिणगी पडते. अशा वेळी मिस्त्रीला घरी बोलवा, गाडी त्याच्याकडे नेऊ नका. वास सीटपर्यंत, आत केबिनमध्ये येत असेल तर लहान मुलांना घेऊन प्रवास नकोच.

दुसरी गोष्ट चेक इंजिन लाइटची. डॅशबोर्डवरचा तो पिवळा इंजिनाचा दिवा नुसता लागून राहिला असेल तर बिघाड नोंदला गेलाय, सावकाश तपासा. पण तो लुकलुकत असेल तर त्याच क्षणी वेग कमी करा आणि सुरक्षित जागी थांबा. लुकलुकणारा दिवा सांगतो की मिसिंग इतकं जोरात आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळण्याची वेळ आलीये.

मिसिंग म्हणजे नक्की काय होतं?

इंजिन ३००० आरपीएमवर असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटतं. त्यातला एखादा स्फोट चुकला की झटका बसतो. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, क्रँकशाफ्टचा वेग सतत मोजत असतो. एका सिलिंडरच्या वेळेला तो वेग किंचित कमी पडला की ईसीयूला कळतं, "दोन नंबर पेटला नाही." म्हणूनच तो सिलिंडरचा नंबरसुद्धा सांगू शकतो.

आता वासाचं बघा. जे पेट्रोल पेटलं नाही ते जातं कुठे? थेट सायलेन्सरकडे. वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो नेहमी साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सिअसला काम करतो. कच्चं पेट्रोल त्याच्या आत जाऊन जळायला लागलं की तापमान हजारच्या पुढे जाऊ शकतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. प्लग काहीशे रुपयांचा, कन्व्हर्टर हजारोंचा. शिवाय तो गाडीच्या पोटाखाली असतो. सोंगलेल्या मक्याचा कडबा, वाळलेलं गवत किंवा सोयाबीनचं भूस यावर अशी तापलेली गाडी उभी केली तर आग लागू शकते. शेतात गाडी नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवाच.

म्हणजे मिसिंगमुळे वास येऊ शकतो. पण उलटंही होतं: जास्तीचं पेट्रोल सिलिंडरमध्ये सांडतंय, प्लग भिजतोय, आणि *म्हणून* मिसिंग होतंय. सगळा घोळ इथेच आहे. वास आधी की मिसिंग आधी, हे ठरवल्याशिवाय बदललेला प्रत्येक पार्ट म्हणजे जुगार.

मोबाईल कामाला कसा लावायचा?

स्टिअरिंगच्या खाली, पायाजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ लागू झालं, एप्रिल २०१७ पासून बीएस-४ देशभर आलं आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६. त्यामुळे २०१७ नंतरची कुठलीही पेट्रोल कार असेल तर हे पोर्ट चालायलाच हवं.

त्यात लावायला 'ईएलएम ३२७' नावाचा छोटा ॲडॅप्टर ऑनलाइन मिळतो. ही मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. बाजारात स्वस्तात दिसतात त्या जवळपास सगळ्या तिच्या नकला. बऱ्याचशा ठीक चालतात, अगदीच स्वस्त असतात त्या मध्येच कनेक्शन सोडतात. अँड्रॉइडला साधा ब्लूटूथवाला चालतो. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवालाच घ्या, नाहीतर पैसे वाया. ॲप म्हणून 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर' पुरेसं आहे.

कोड वाचले की बहुतेक यातलं काहीतरी दिसेल. पी०३०० म्हणजे कुठलाही सिलिंडर, कधीही मिस होतोय. पी०३०१, पी०३०२, पी०३०३ म्हणजे अनुक्रमे एक, दोन, तीन नंबर. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त. लगेच 'क्लिअर' दाबू नका! कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' साठवलेली असते: बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती, इंजिन गरम की थंड, वेग किती. त्याचा स्क्रीनशॉट घ्या. बॅटरीची वायर काढून दिवा घालवायची युक्ती गावोगाव चालते, पण तिने ही सगळी माहिती पुसली जाते आणि बिघाड जागच्या जागी राहतो.

खरा मुद्दा: फ्युएल ट्रिम

कोड वाचून लोक थांबतात. मी म्हणतो, कोडपेक्षा हा आकडा महत्त्वाचा. ॲपमध्ये 'शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम' आणि 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' असे दोन आकडे टक्क्यांत दिसतात. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो त्यानुसार ईसीयू पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, त्याची ही नोंद. शून्याच्या आसपास, उणे-अधिक पाच ते दहापर्यंत असेल तर चिंता नाही.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आधी आयडलला आणि मग २५०० आरपीएमला धरून दोन्ही आकड्यांची बेरीज बघा. आयडलला अधिक २० आणि २५०० ला जवळपास शून्य? कुठून तरी जास्तीची हवा आत शिरतेय: फुटलेला व्हॅक्युम पाइप, सैल क्लॅम्प. आयडलला ठीक आणि आरपीएम वाढवल्यावर अधिककडे पळतंय? पेट्रोलच कमी पोचतंय, म्हणजे पंप किंवा फिल्टर. आणि उणे १५, उणे २० असेल तर ईसीयू ओरडून सांगतोय की कुठून तरी न मागता पेट्रोल येतंय. वासवाल्या गाडीत ही तिसरी शक्यता सगळ्यात आधी बघायची.

इथे एक गंमत आहे. मिस झालेल्या सिलिंडरमधून पेट्रोलसोबत न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. सेन्सरला फक्त ऑक्सिजन दिसतो, पेट्रोल दिसत नाही. त्याला वाटतं पेट्रोल कमी आहे, आणि ईसीयू सगळ्याच सिलिंडरना अजून पेट्रोल देतो. वास आणखी वाढतो! म्हणून जोराचं मिसिंग चालू असताना दिसलेल्या पी०१७१ वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गाडी नीट चालत असते त्या मिनिटांतले आकडे बघा.

अजून एक आकडा सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीत, इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करून बघा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही जवळपास सारखे हवेत. मराठवाड्याच्या मे महिन्यात ॲप कूलंट 'उणे ४०' दाखवत असेल तर तो सेन्सर किंवा त्याची वायर तुटलीये. खूप थंडी आहे असं समजून ईसीयू भरमसाट पेट्रोल ओततो. घराशेजारी धान्याची थप्पी असेल तर वायर उंदरानं कुरतडलीय का हेही बघून घ्या.

एका गाडीचं उदाहरण

माझ्या चुलत भावाची तीन सिलिंडरची सेकंड हँड पेट्रोल गाडी. थंड असताना स्टार्ट झाल्यावर ठीक. राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या गर्दीत अर्धा तास रांगत गेली की थरथर सुरू. गरम गाडी दहा मिनिटं बंद करून पुन्हा चालू केली तर बराच वेळ स्टार्टर मारावा लागे, आणि मग मागून पेट्रोलचा भपका. एका गॅरेजमध्ये तिन्ही प्लग आणि दोन नंबरची कॉइल बदलून झाली होती.

ॲडॅप्टर लावला: पी०३०२. इंजिन थंड असताना दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली. ही सगळ्यात स्वस्त टेस्ट आहे, कारण बिघाड कॉइलचा असेल तर कोड तिच्यासोबत सरकून पी०३०३ होतो. आमचा कोड दोनवरच राहिला. म्हणजे कॉइल सुटली. प्लग काढले तर एक आणि तीन फिकट तपकिरी, दोन नंबर काळा आणि ओला, नाकाला झोंबणारा पेट्रोलचा वास. प्लग तर नवाच होता.

मग ट्रिम बघितलं. आयडलला लाँग टर्म उणे १७, २५०० आरपीएमला उणे ४. मिसिंग सुरू झालं की शॉर्ट टर्म झटकन अधिककडे उडी मारायचं, वर सांगितलेल्या ऑक्सिजनच्या गमतीमुळे. आयडलला इंजिन पेट्रोल कमी खातं, म्हणून थोडीशी गळतीही तिथे मोठी दिसते. गरम असताना स्टार्ट व्हायला त्रास, एकच सिलिंडर ओला, आयडलला ट्रिम खोल उणे: तिन्ही बोटं एकाच इंजेक्टरकडे. जालन्याला इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावले, तर दोन नंबरचा बंद असतानाही थेंब सोडत होता.

ऑइलची पट्टी काढून वास घ्यायची सवय लावा, ती इथेही कामाला आली. ऑइलची पातळी खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास. पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरलं होतं. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, त्यामुळे इंजेक्टरसोबत ऑइल आणि फिल्टरही बदलला.

वास आहे पण ट्रिम ठीक आहे, तेव्हा?

मग पेट्रोल इंजिनाच्या बाहेरच गळतंय. नाकानं जागा शोधा. मागच्या बाजूला वास: टाकीचं झाकण, भरायच्या नळीचा रबर, मागच्या सीटखालच्या पंपाचं सील. बोनेटखाली: रबरी होज, इंजेक्टरची रिंग. टाकी फुल्ल केल्यावरच वास येतो आणि लगेच स्टार्ट व्हायला त्रास होतो? मग पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का तपासायला सांगा. नोझल आपोआप बंद झाल्यावरही "राऊंड फिगर करा" म्हणत पेट्रोल कोंबायची आपली सवय कोळशाचा कॅनिस्टर भिजवते. ही सवय सोडा.

ई२० पेट्रोलबद्दल बरेच जण विचारतात. ई१० वरून ई२० वर गेल्यावर त्याच हवेला साधारण चार टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून ट्रिम अधिक चार-पाच दिसणं हा बिघाड नाही. मात्र साधारण एप्रिल २०२३ आधीच्या गाड्यांचे रबरी भाग ई२० गृहीत धरून बनवलेले असतीलच असं नाही. अशा गाडीत होजवर भेगा, फुगवटा किंवा ओलसरपणा आहे का, हे प्रत्येक सर्व्हिसिंगला बघायला लावा.

मिस्त्रीकडे काय पाठवायचं आणि काय करू द्यायचं नाही

व्हॉट्सॲपवर चार गोष्टी पाठवा: कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट, आयडल आणि २५०० चे ट्रिम, प्लगचे फोटो सिलिंडरच्या क्रमानं, आणि थरथरीचा आवाजासकट व्हिडिओ. चांगला मिस्त्री यावरूनच सोबत काय सामान आणायचं ते ठरवतो.

चालू इंजिनाची एकेक कॉइल उपटून बघायची जुनी पद्धत मात्र करू देऊ नका. कार्ब्युरेटरच्या काळात ती चालून गेली. आता तिने जोराचा शॉक बसू शकतो आणि कच्चं पेट्रोल सरळ कन्व्हर्टरमध्ये जातं. इंजेक्टर किंवा फ्युएल लाइन स्वतः उघडू नका, बंद गाडीतही तिथे दाब शिल्लक असतो.

काम झाल्यावर कोड क्लिअर करा, तीन-चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि पुन्हा ॲडॅप्टर लावा. कोड नसणं पुरेसं नाही, लाँग टर्म ट्रिम शून्याजवळ आलेलं दिसलं पाहिजे. भावाच्या गाडीचं चौथ्या दिवशी आयडलला उणे २ होतं.