सान मार्कोचा घड्याळ-मनोरा : प्रस्तावना

सार्वजनिक घड्याळांच्या अभ्यासकांचे दोन तट आहेत. एका तटाला दातेरी चक्रांत रस असतो, दुसऱ्याला शिल्पांत. व्हेनिसच्या सान मार्को चौकातला मनोरा दोघांनाही एका बाकावर बसवतो. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला आधी तिथेच न्यावे, असे आम्हाला वाटते.

मनोरा १४९६ ते १४९९ या काळात उभा राहिला. आराखडा सहसा माउरो कोदुस्सीच्या नावावर सांगतात. घड्याळ रानिएरी पितापुत्रांचे. मनोरा खालून वर वाचावा. तळाशी कमान आहे, तिच्यातून बाजारपेठेची गल्ली रिआल्तोकडे जाते. कमानीवर निळी-सोनेरी तबकडी : रोमन आकड्यांत चोवीस तास, आत बारा राशी आणि चंद्राच्या कला. मधोमध पृथ्वी आहे. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३चा, तेव्हा याला कारागिरांचे अज्ञान म्हणू नये. विश्वाची मान्य मांडणी तीच होती. त्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम. आणि मरियमच्याही वर, सोनेरी ताऱ्यांच्या निळ्या पटावर, प्रजासत्ताकाचा पंखधारी सिंह! वेळेवर हुकूम कुणाचा, हे या उतरंडीतून कळते. याला नुसते नक्षीकाम म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

सिंहापुढे पूर्वी दोजे (प्रजासत्ताकाचा प्रमुख) आगोस्तिनो बार्बारिगोचा गुडघे टेकलेला पुतळा होता. १७९७मध्ये शहर फ्रेंचांच्या हाती गेले आणि तो हटवला गेला. सिंह एका कडेलाच राहिला, समोरची जागा मोकळी. नवा पुतळा बसवण्यापेक्षा ही मोकळी जागाच इतिहास अधिक नेमका सांगते.

गच्चीवरचे काशाचे दोन पुतळे कमरेत वळून घंटेवर हातोडा घालतात. एक म्हातारा, एक तरुण. अंगावर मेंढीची कातडी, म्हणजे ते धनगर असावेत. काशाला काळपट रंग चढला म्हणून लोक त्यांना ‘मूर’ म्हणू लागले. म्हातारा ठोके देतो ते तास भरण्याच्या जरा आधी, तरुण जरा नंतर.

१८५८मध्ये मरियमच्या दोन बाजूंना फिरते आकडे बसवले : एकीकडे तास, दुसरीकडे पाच-पाच मिनिटांच्या टप्प्याने मिनिटे. सोय उत्तम, पण ती बसली नेमकी जुन्या दारांत. एपिफनीच्या सणाला तुतारीवाल्या देवदूतामागून ख्रिस्तजन्माच्या कथेतले तीन राजे त्याच दारांतून निघून मरियमला मुजरा करतात. त्यासाठी आधी आकडे काढून ठेवावे लागतात.